पीएचडीचा विषय लोकांना कसा सांगायचा? गाळायचं काय आणि ठेवायचं काय



"काय करतेस सध्या?"
"पीएचडी."
"अरे वा! कशावर?"

इथपर्यंत सगळं सुरळीत असतं. पुढच्या उत्तराचे दोन प्रकार मी आजूबाजूला कायम ऐकते. पहिला म्हणजे प्रबंधाचं अख्खं शीर्षक एका दमात म्हणून दाखवायचं. दुसरा म्हणजे "आहे केमिस्ट्रीत काहीतरी, जाऊ दे" म्हणून हात झटकायचे. दोन्हींचा परिणाम एकच होतो. समोरचा "छान छान" म्हणतो आणि लग्नाचा विषय काढतो.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताहेत, काहींचं नुकतंच रजिस्ट्रेशन झालंय. लोकांना सांगणं वगैरे प्रबंध झाल्यावर बघू, असं तुम्हाला वाटत असेल. पण मुलाखतीच्या पॅनेलवर तुमच्या नेमक्या उपविषयातला माणूस एखादाच असतो. उरलेले त्याच विषयातले असूनही तुमच्या कामापुरते सामान्य वाचकच असतात. फेलोशिपचा अर्ज वाचणाऱ्यांचंही तसंच. म्हणजे हे कौशल्य पहिल्या दिवसापासून लागतं. आणि ज्यांचं संशोधन माणसांशी, शेताशी, पाण्याशी जोडलेलं आहे, त्यांच्यासाठी तर ही जबाबदारीच आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

अवघड का जातं?

आपल्याला वाटतं, आपण अवघड शब्द वापरतो म्हणून लोकांना कळत नाही. ते अर्धंच खरं आहे. खरी अडचण समजून घ्यायला एक प्रयोग बघू. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीने तो आपल्या पीएचडीसाठी केला होता. काही जणांना सांगितलं, सगळ्यांना माहीत असलेलं एखादं गाणं मनात आणा आणि त्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवा. समोरच्याने फक्त ठेका ऐकून गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, किती गाणी ओळखली जातील? त्यांचा अंदाज होता, साधारण निम्मी. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली.

घरी करून बघा. कुठल्याही आरतीचा ठेका वाजवा. तुमच्या डोक्यात शब्द, चाल, टाळ, सगळं चालू असतं. समोरच्याला फक्त टक टक टक ऐकू येतं. आणि तो ओळखत नाही म्हटल्यावर तुम्हाला नवल वाटतं, "अरे, इतकं सोपं आहे!"

दोन-तीन वर्षं एकाच विषयात घालवलेल्या माणसाचं हेच होतं. माहीत नसताना कसं वाटत होतं, ते आठवणंच शक्य होत नाही. एका अर्थी तुमची, म्हणजे नुकतं सुरू करणाऱ्यांची, बाजू इथे भक्कम आहे. तुम्हाला अजून आठवतंय की आपण कुठे अडखळलो होतो. त्या अडखळण्याच्या जागा आत्ताच वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या वर्षी त्या सापडणार नाहीत.

ऐकणाऱ्याला काय हवं असतं?

माझ्या मते पाच गोष्टी. प्रश्न काय होता, तो का पडला, उत्तर कसं शोधलं, काय सापडलं आणि त्याची खात्री किती. शोधनिबंधात या पाचही असतात, पण पद्धत आणि आकडे सगळी जागा खातात. लोकांशी बोलताना प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा द्यायची.

आपल्याकडचंच एक उत्तम उदाहरण आहे. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये काही सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. प्रश्न साधा होता. कुंडलीवरून मूल हुशार आहे की बौद्धिक दिव्यांग, हे सांगता येतं का? १०० हुशार आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांच्या जन्मवेळेवरून कुंडल्या तयार केल्या, त्या मिसळल्या आणि तयारी दाखवणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली होती, उत्तरं २७ जणांची आली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण निघालं ४६ टक्के. म्हणजे ४० पैकी साधारण १८. नाणं उडवून ठरवलं असतं तरी २० च्या आसपास बरोबर आली असती.

हा प्रयोग 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे तज्ज्ञांसाठीही तो संशोधनच आहे. पण वरचा परिच्छेद आजीलासुद्धा वाचून दाखवता येतो. यात नल हायपोथेसिस आहे, रँडम सॅम्पलिंग आहे. फक्त यातला एकही शब्द उच्चारावा लागला नाही. 'नाणं उडवलं असतं तर' या चार शब्दांत संख्याशास्त्राचा अख्खा तास बसला. आणखी एक बघा. ५१ पैकी २७ जणांचीच उत्तरं आली, हे लपवलेलं नाही. त्यामुळे ऐकणारा स्वतः ठरवू शकतो की निष्कर्षावर किती विसंबायचं.

एक गोषवारा हातात घेऊ

आता प्रत्यक्ष करून बघू. मी रसायनशास्त्रातली आहे आणि पाण्यातलं फ्लोराइड हा माझा विषय, म्हणून उदाहरणही तिथलंच. पुढचा गोषवारा मी सरावासाठी रचलाय, त्यातले आकडेही सरावापुरतेच आहेत.

"कपाशीच्या अवशेषांपासून ॲल्युमिनियम ऑक्साइड-लेपित बायोचारचे संश्लेषण करून एक्सआरडी, एसईएम व एफटीआयआर तंत्रांनी गुणनिर्धारण केले. बॅच अधिशोषण प्रयोगांत प्रारंभिक संहती १० मिलीग्रॅम प्रतिलिटर व पीएच ६ असताना ९२ टक्के फ्लोराइड निष्कासन आढळले. मिळालेली विदा लँगम्यूर समतापी प्रारूपाशी सुसंगत आहे."

तज्ज्ञासाठी हे ठीक आहे. आता हेच विदर्भातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत सांगायचंय असं समजा. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. नमुने घ्यायला गेलं की बाटली भरेपर्यंत कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे पाणी प्याचं का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर वरच्या गोषवाऱ्यात कुठेच नाही.

पहिली पायरी: प्रश्न पुढे आणा. "काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, त्यामुळे पिणाऱ्याला कळत नाही. लहानपणापासून असं पाणी पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात. प्रमाण खूप असेल आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं, तर हाडं आणि सांधे आखडतात."

दुसरी पायरी: लोकांच्या मनात आधीच असलेला उपाय ओळखा. बहुतेकांना वाटतं, पाणी उकळलं की शुद्ध होतं. जंतूंसाठी ते खरं आहे. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतं. हे वाक्य तुमच्या प्रबंधात नसेल, कारण तुमच्या गाईडना ते माहीतच आहे. पण ऐकणाऱ्यासाठी कदाचित हेच सगळ्यात कामाचं वाक्य असेल.

तिसरी पायरी: "आधीचे उपाय का चालत नाहीत?" या प्रश्नाची तयारी ठेवा. तो हमखास येतो. नागपूरच्या 'नीरी'ने शोधलेली नालगोंडा पद्धत आहे. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाणी ढवळायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. ती चालते, पण रोज मात्रा मोजून घालावी लागते आणि साचलेल्या गाळाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. म्हणून आणखी पर्याय शोधणं चालू आहे. तुमचं काम या रांगेत कुठे उभं आहे, ते सांगा. आपल्या आधी कोणी काही केलंच नाही असा आव आणू नका.

चौथी पायरी: आता कुठे तुमचं काम. "कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या पऱ्हाट्यांपासून आम्ही एक प्रकारचा कोळसा करतो आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या संयुगाचा थर देतो. पाण्यातलं फ्लोराइड या थराला चिकटतं."

पाचवी पायरी: निकाल ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगा. ९२ टक्के हा आकडा भारी वाटतो, पण पिणाऱ्याला 'किती गेलं' यापेक्षा 'किती उरलं' ते हवं असतं. १० मधले ९२ टक्के गेले तर उरले ०.८ मिलीग्रॅम प्रतिलिटर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात १ मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येतं. म्हणजे ०.८ मर्यादेच्या आत बसतं. हे ऐकणाऱ्याला कळतं.

शब्द आणि आकडे

मराठीत सांगताना आपली एक खास पंचाईत होते. पारिभाषिक शब्द वापरावा तर तो इंग्रजीपेक्षा परका वाटतो. 'अधिशोषण' हा चांगला, नेमका शब्द आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातलं 'शोषण' तेवढं ऐकू येतं आणि भलताच अर्थ डोक्यात येतो. मी करते ते असं. आधी क्रिया सांगायची, नाव नंतर. "फ्लोराइड कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतं. आत मुरत नाही, वरच चिकटतं. याला अधिशोषण म्हणतात." अर्थ आधी पोचला की शब्द मराठी असो की इंग्रजी, फारसा फरक पडत नाही.

खरे फसवे शब्द वेगळेच असतात. आपले आणि लोकांचेही, पण अर्थ दोन. 'सिग्निफिकंट' म्हणजे आपल्यासाठी केवळ योगायोगाने आलेला वाटत नाही असा फरक, लोकांसाठी 'मोठा'. 'एरर' म्हणजे आपल्यासाठी मापनातली अपरिहार्य अनिश्चितता, लोकांसाठी चूक. 'थिअरी' म्हणजे आपल्यासाठी पुराव्यांवर उभी असलेली मांडणी, लोकांसाठी नुसता अंदाज. अनोळखी शब्द आला तर ऐकणारा निदान विचारतो तरी. हे शब्द आले की त्याला वाटतं, आपल्याला कळलं.

आकड्यांनाही हातात धरता येईल असं काहीतरी द्यावं लागतं. १ मिलीग्रॅम प्रतिलिटर म्हणजे किती? ५०० मिलीग्रॅम वजनाची चिमूट गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीत विरघळवली तर तेवढं. तापाच्या गोळीत जेवढं पॅरासिटामॉल असतं, साधारण तेवढी चिमूट. ही उपमा लगेच डोळ्यांसमोर येते. पण प्रत्येक उपमा कुठेतरी तुटते आणि ती कुठे तुटते हे सांगून टाकायला हवं. इथे तुलना फक्त वजनाची आहे, परिणामाची नाही. हे एक वाक्य विसरलात तर ऐकणारा म्हणेल, "एवढ्याशाने काय होतंय?"

काय गाळायचं नाही

आता मूळ मुद्द्यावर येते. सोपं करणं म्हणजे गाळणं. एक्सआरडी गाळलं, लँगम्यूर गाळलं, कोणाचं काही बिघडलं नाही. मग आपण गाळतच सुटतो आणि शेवटी उरतं, "पऱ्हाटीच्या कोळशाने पाण्यातलं विष नाहीसं!" हे वाक्य उद्या पेपरात छापून येईल, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडेल. आणि पंधरा दिवसांनी कोणीतरी चुलीतला कोळसा माठात टाकून ते पाणी मुलांना पाजेल.

कारण गाळताना काय काय गेलं बघा. प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमध्ये फ्लोराइड मिसळून केला होता. खऱ्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, कधी फॉस्फेटही असतं. तेही त्याच जागांवर चिकटायला बघतात, त्यामुळे फ्लोराइडला जागा कमी उरते. पीएच ६ ठेवला होता, बोअरचं पाणी बहुतेकदा त्याहून जास्त पीएचचं असतं. थरातलं ॲल्युमिनियम पाण्यात उतरतं का, ते तपासावं लागेल. कोळसा किती दिवसांनी बदलायचा आणि वापरलेला कुठे टाकायचा, हेही ठरायचंय. आणि साधा, थर न दिलेला कोळसा हे काम करेल असं कोणी म्हटलेलंच नाही.

मग हे सगळं सांगायचं का? सांगितलं तर पुन्हा प्रबंधच होतो. म्हणून मी एक कसोटी वापरते. प्रत्येक तपशिलाला विचारायचं: हा गाळला तर ऐकणारा वेगळा निर्णय घेईल का? 'नाही' असं उत्तर आलं तर खुशाल गाळा. 'हो' आलं तर तो तपशील ठेवायचा, मग मथळ्याची मजा गेली तरी चालेल.

एक्सआरडी गाळल्याने कोणी पाणी पिण्याबद्दल वेगळा निर्णय घेत नाही. 'अजून खऱ्या बोअरच्या पाण्यावर चाचणी झालेली नाही' हे गाळलं, तर घेईल. म्हणून आपल्या सरावाच्या गोषवाऱ्याचा शेवट असा व्हायला हवा: "हे सगळं आत्ता प्रयोगशाळेत तयार केलेल्या पाण्यावर जमलंय. गावातल्या पाण्यावर तपासणं बाकी आहे. तोपर्यंत हे घरी वापरू नका. तुमच्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या, आणि फ्लोराइड जास्त निघालं तर प्यायला आणि स्वयंपाकाला दुसऱ्या स्रोताचं पाणी वापरा."

यात संशोधनाचा मोठेपणा जरा कमी वाटेल. पण "प्याचं का नाही" या प्रश्नाला आज देता येण्यासारखं खरं उत्तर तेवढंच आहे.

प्रेस नोट दुसऱ्या कोणी लिहिली तरी तुमच्याकडून निघालेलं वाक्यच पुढे जातं. त्यामुळे पत्रकाराशी बोलण्याआधी तीन वाक्यं कागदावर लिहून ठेवा: काय सापडलं, काय अजून माहीत नाही, आणि लोकांनी आज काय करायचं किंवा करायचं नाही. बोलताना हीच वाक्यं पुन्हा पुन्हा वापरा.

सराव कुठे करायचा?

थ्री मिनिट थीसिस ही स्पर्धा ऐकली असेल. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ती सुरू झाली. तेव्हा तिकडे मोठा दुष्काळ होता. अंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून लोक बाथरूमच्या भिंतीवर छोटी घड्याळं लावत आणि त्यावरून ही कल्पना सुचली. नियम सोपे: तीन मिनिटं, एकच स्लाइड, तीही न हलणारी. आता आपल्याकडच्या काही संस्थांतही ती होते. तुमच्याकडे होत नसेल तर चार जण मिळून डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात करा, मोबाइलचा टायमर पुरतो.

लिहायचं असेल तर केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' नावाची स्पर्धा सुरू केली. पीएचडी आणि पोस्टडॉक करणाऱ्यांनी स्वतःच्या संशोधनावर लोकांना समजेल असा लेख लिहायचा, अशी ती आहे. सध्याची जाहिरात आणि अटी बघून घ्या. मराठीत लिहायचं तर १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आहे आणि तिची पत्रिका आहे.

परिषदेवरून आठवलं. १९७४ मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा: ज, वि, ना. हे होते जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावामुळे परीक्षकांचं मत झुकू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. केंब्रिजहून आलेल्या नामवंत शास्त्रज्ञालाही मराठीतलं लिखाण केवळ लिखाण म्हणून तपासून घ्यावंसं वाटलं. आपण तर घ्यायलाच हवं.

दोन सावधगिरीच्या सूचना. अप्रकाशित निकाल जाहीर करण्याआधी गाईडना आणि सहलेखकांना विचारा. आणि पेटंटचा विचार असेल तर अर्ज दाखल होण्याआधी तपशील कुठेही मांडू नका, नाहीतर नावीन्याचा दावाच अडचणीत येतो.

या आठवड्याचा गृहपाठ

अजून विषय ठरला नसेल तर आवडलेला एखादा शोधनिबंध घ्या. त्यावर दहा ओळी मराठीत लिहा, वरच्या पाच गोष्टींच्या क्रमाने. मग विज्ञानाशी संबंध नसलेल्या एका माणसाला वाचून दाखवा, आई, रूममेट, मेसच्या काकू, कोणीही. "कळलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता तुम्ही हे दुसऱ्याला कसं सांगाल?" असं विचारा आणि ते सांगतील ते मध्ये न बोलता लिहून घ्या. तुमच्या दहा ओळी आणि त्यांचं सांगणं शेजारी ठेवा. जिथे अर्थ बदललाय, तिथली ओळ पुन्हा लिहा.

जमलं तर दोन्ही मला पाठवा. नाही जमलं तर कुठे अडलं ते पाठवा, पुढच्या वेळी तेच घेऊ.